उशाखालची कोयती

भाची बाळंत होऊन घरी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी तिची चादर बदलायला मी खोलीत गेले. उशी उचलली तर खाली दोन वस्तू. एक कोयती, लाकडी मुठीची, आईच्या जुन्या नऊवारीच्या चिंधीत गुंडाळलेली, टोक भिंतीकडे केलेलं. दुसरी वस्तू म्हणजे दवाखान्यातून दिलेली तांबड्या गोळ्यांची पाकिटं. बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत रोज एक घ्यायची, असं परिचारिकेने मला समोर उभं करून सांगितलं होतं. एकही गोळी फोडलेली नव्हती. भाचीला विचारलं तर म्हणाली, ‘‘आत्या, त्या घेतल्या की मळमळतं गं. आणि संडासला काळं होतं, बघूनच भीती वाटते.’’ डोंबिवलीला राहणारी, संगणकावर काम करणारी मुलगी. कोयतीबद्दल मात्र तिची काहीच तक्रार नव्हती. उलट चादर घालून झाल्यावर तिनेच ती चिंधी चाचपून नीट सरकवली. शेगडीवर ओवा आणि बाळंतशेपा टाकलेले, धूर आढ्यापर्यंत चढलेला, वेखंडाचा आणि खोबरेलाचा वास, आणि त्या वासात एकाच उशीखाली दोन प्रकारचं लोखंड. एकावर घरातल्या सगळ्यांचा भरवसा, दुसऱ्याला कोणी हात लावलेला नाही. ते मला दिवसभर टोचत राहिलं.

कोयती हलवू का, असं मी आईला विचारलं. ती तांदूळ निवडत होती. वर न बघता म्हणाली, ‘‘ऱ्हवांदे ती थंयच.’’

आमच्याकडे लोखंड नुसतं अवजार म्हणून कधी राहिलंच नाही. शिरोडा, आरवली, रेडी हा आमचा पट्टा, पण कोकणात कुठेही जा, हेच दिसेल. हळद लागली की नवऱ्यामुलाच्या हातात कट्यार येते, टोकाला लिंबू खोचलेली, आणि अक्षता पडेपर्यंत ती हातातून सोडायची नसते. तिन्हीसांजेनंतर कोणाकडे मटणाचा डबा न्यायचा झाला तर वर कोळसा किंवा खिळा ठेवायचा. रात्री खाजणात कुर्ल्यांना जाणारा गडी कंबरेच्या आकडीला कोयता अडकवतो. तो वाटेत झुडूप आडवं आलं तर तोडायलाही असतो आणि दुसरं काही आडवं आलं तर त्यासाठीही. चौकटीवर घोड्याची नाल असते. खरं तर आमच्या पाणंदीतून घोडा गेलेला कोणी पाहिलेला नाही. ती नाल जत्रेत विकत घेतलेली असते किंवा घाटावरच्या पाहुण्याने आणून दिलेली. घर बांधताना जागा ‘बांधून’ घ्यायची तर चार कोपऱ्यांत खिळे ठोकले जातात. साडेसाती लागली की नावेच्या खिळ्याची अंगठी मधल्या बोटात येते, आणि तो खिळा खरोखर समुद्रात राहून आलेला हवा, बाजारातला कोरा नको. खंडेनवमीला पहार, पावडं, नांगराचा फाळ, आडाळी म्हणजे विळी, सगळं धुऊन-पुसून ओळीने मांडलं जातं आणि त्याला गंध-फूल मिळतं. सोन्या-चांदीची पूजा लक्ष्मी म्हणून होते, त्यात हौस असते. लोखंडाच्या पूजेत मला नेहमी वेगळंच काही जाणवत आलंय. वर्षभर हाताखाली राबलेल्या माणसाला एक दिवस पाटावर बसवावं, तसं ते असतं.

लहानपणी मी आईला विचारलं होतं, उशाखाली स्टीलचा चाकू ठेवला तर? तो कसा स्वच्छ, चकचकीत. ती ठामपणे म्हणाली, ‘‘स्टीलाचा चलना नाय. ता गंजना नाय. गंजना नाय ता लोखंड कसला?’’

तिचं हे उत्तर मला पुढे अनेकदा आठवलं. कारण आमच्याकडे लोखंड टिकतच नाही. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, उरलेले आठ महिने खारं वारं. शिरोड्याची मिठागरं हाकेच्या अंतरावर. मीठ आणि ओल एकत्र आली की लोखंड डोळ्यांदेखत झिजतं. खिडकीचा गज पहिल्या वर्षी तांबूस होतो, तिसऱ्या वर्षी त्याचे पापुद्रे सुटतात, दहाव्या वर्षी हाताने मोडतो. पावसाळ्याआधी आई सगळ्या कोयत्यांना खोबरेल चोळून पडवीत टांगायची, तरी गणपतीला त्या खाली काढल्या की हाताला तांबडी पूड लागायची. तो वास मला अजून ओळखता येतो, ओल्या किल्लीचा, किंवा ओठ फुटल्यावर जिभेला येतो तसा. जिथे हा धातू इतका दुबळा, तिथेच त्याच्यावर एवढा भरवसा का टाकला असेल? आणि स्टील टिकतं, कारण त्यातल्या क्रोमियमचा एक पातळ थर हवेला आत येऊ देत नाही. आईच्या हिशोबात तेच त्याचं उणेपण होतं.

शिवाय लोखंड म्हणावं तर आमच्या पायाखाली ते किती आहे! ज्या जांभ्याच्या चिऱ्यांनी घरं उभी राहतात त्या चिऱ्याचा तांबडा रंग लोहाच्या ऑक्साइडचा, म्हणजे एका अर्थी गंजाचाच. शेजारच्या रेडीला तर लोहखनिजाच्या खाणी. आमच्या लहानपणी खाणीच्या ट्रकांनी रस्त्याकडेच्या माडांची झावळं लाल व्हायची, दोरीवर वाळत घातलेले कपडे पुन्हा धुवावे लागायचे. त्या खाणीच्या परिसरातच १९७६ साली द्विभुज गणपतीची भव्य मूर्ती सापडली. ट्रक घेऊन आलेल्या एका चालकाला स्वप्नात दृष्टान्त झाला, अशी गोष्ट सगळे सांगतात. तेव्हा जमीन लोखंडाची, भिंती लोखंडाच्या, देवसुद्धा लोखंडाच्या खाणीतून वर आलेला. तरीही या भिंती भुताला अडवत नाहीत, अशी समजूत आहे. त्याला अडवतं ते आगीतून आणि ऐरणीवरून गेलेलं लोखंड. आणि त्यातही कोरं नको, वापरलेलं हवं. ज्या कोयतीने भात कापलं, गवत कापलं, नारळाची सोडणं सोलली, तीच उशाखाली जाते. मला यात एक फार जुना विचार दिसतो. दगडात शक्ती नसते, माणसाचा हात लागल्यावर ती येते.

गावाची राखण करणारे दुसरे आहेतच. आरवलीचा वेतोबा रात्री गावाच्या शिवेवरून फिरतो. लोक त्याला नवसाच्या चामडी वहाणा वाहतात, भल्यामोठ्या, आणि त्या झिजतात असं सांगितलं जातं. केळीचे घड वाहतात. भुतांचा राजा तोच, म्हणून त्याच्या हद्दीत भुतांनी कसं वागायचं हे तोच ठरवतो. लहानपणी रात्री लघवीला उठल्यावर वहाणांचा आवाज येतोय का ते मी कान लावून ऐकायची, आणि आला असता तर मला भीती वाटली नसती, धीरच आला असता. पण वेतोबा शिवेवर. बाळंतिणीच्या खोलीत पुरुषदेव येत नाही. तिथे सुईण, सासू, आई, शेगडी आणि ही कोयती. आत जे यायची भीती असते ते शिवेबाहेरून आलेलं नसतंच.

ते घरातलंच असतं.

हे मला समजलं ते जुन्या घराचा उंबरठा बदलताना. वाळवी लागली होती, सुताराने तो उचकटायला घेतला. उजव्या अंगाला, चौकटीला लागून, एक चौकोनी डोक्याचा हातघडणीचा खिळा होता. त्यावर पाय द्यायचा नाही एवढंच आम्हां भावंडांना माहीत होतं. कारण कोणी सांगितलं नव्हतं, आणि आम्हीही विचारलं नव्हतं. उंबरठाही ओलांडायचा असतो, त्यावर पाय ठेवायचा नसतो, तसंच हे. सुताराने पक्कड लावली तशी आई पुढे झाली आणि म्हणाली, तो तेवढा राहू दे, नव्या लाकडात परत मार. संध्याकाळी मागच्या पडवीत बसल्यावर तिने सांगितलं. तिच्या सासूची एक जाऊ होती. तिसऱ्या बाळंतपणानंतर आठव्या की नवव्या दिवशी गेली. पांढरीफटक पडली होती. ‘‘तिच्या आंगात रगातच ऱ्हवला नव्हता.’’ ओली बाळंतीण गेली म्हणजे ती हडळ होणार, मागे ठेवलेल्या मुलासाठी आणि घरातल्या पुढच्या बाळंतिणीसाठी परत येणार. म्हणून तिला बाहेर काढल्याबरोबर उंबरठ्यात खिळा मारला. तिरडीच्या मागून वाटेवर नाचणे टाकत गेले. परत येताना ती एकेक दाणा वेचत बसेल आणि उजाडेल, मग तिला यायला मिळणार नाही. ‘‘परत येव नये म्हणान मारलो तो,’’ आई म्हणाली. मी नाव विचारलं. तिला माहीत नव्हतं. तिच्या सासूने कधी घेतलंच नव्हतं. त्या बाईचा फोटो नाही, दागिना नाही, तिच्या हातची म्हणून एखादी पाककृती नाही. घरात तिची एवढीच खूण होती, तिला आत येऊ न देण्यासाठी मारलेला खिळा.

मला त्या रात्री झोप लागली नाही. आठ दिवस तिच्या उशाशीही कोयती असणारच. तिला जपण्यासाठी ठेवलेलं लोखंड आणि तिला अडवण्यासाठी ठोकलेलं लोखंड, मध्ये एका दिवसाचं अंतर. काल जिच्यासाठी जागरण केलं, आज तिच्याच भीतीने जागरण. बायकांनीच हे केलं, ज्या तिच्याबरोबर पाणी भरत होत्या, भात लावत होत्या, तिच्या पोराला पुढे त्यांनीच वाढवलं. मी त्यांना दुष्ट म्हणू शकत नाही. मरण त्यांना दिसत होतं, त्याचं कारण दिसत नव्हतं. घरात एक बाळंतीण गेली की पुढची जाण्याची शक्यता खरोखरच होती, कारण अन्न तेच, राबणं तेच, ओल्या जमिनीवरची गोधडी तीच. त्यांनी धोका अचूक ओळखला. फक्त त्याला त्या मेलेल्या बाईचा चेहरा दिला. हे मला आजही सहन होत नाही.

पाचवीची पूजा आणि सटीचं जागरण तुम्हां सगळ्यांच्या घरात झालेलं असेल. पाटा-वरवंटा, कोरा कागद, लेखणी, आणि बहुतेक घरांत शेजारी विळा किंवा कोयती. सटवाई येते, कपाळावर लिहून जाते, त्या रात्री बाळाजवळ कोणीतरी जागं हवं. मोठी झाल्यावर मी नवजात बाळाच्या धनुर्वाताबद्दल वाचलं. बाळ पहिले दोन दिवस नीट दूध ओढतं, रडतं, आणि मग तिसऱ्या दिवसापासून पुढच्या दोन आठवड्यांत केव्हातरी त्याचा जबडा धरतो, अंग ताठ होतं. बहुतेक वेळा हे पहिल्या आठवड्याच्या आसपास घडतं. म्हणजे आपल्या बायका जागत होत्या त्याच रात्रींच्या आगेमागे. त्या रात्री अशा अनुभवातून ठरल्या असाव्यात असं मला वाटतं. हे सिद्ध करता येणार नाही, पण कित्येक पिढ्या बाळं पुरलेल्या बायकांना दिवस मोजता येत नव्हते असं मी मानणार नाही. आणि यातला दुःखाचा भाग असा की धनुर्वाताचे जंतू मातीत आणि शेणात असतात, आणि नाळ कापायला कित्येकदा तोच विळा घेतला जाई ज्याने शेतात कापणी केली. गंजाने धनुर्वात होत नाही, पात्याला चिकटलेल्या मातीने होतो. जे बाळाच्या राखणीला ठेवलं, त्यातूनच मरण आत येत होतं. गरोदरपणातली लस, दवाखान्यातली बाळंतपणं, नाळेसाठी कोरं पातं, यांनी ते थांबलं. २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेने भारतात माता आणि नवजात बालकांमधल्या धनुर्वाताचं उच्चाटन झाल्याचं जाहीर केलं. मला ही बातमी कुठल्याही युद्धातल्या विजयापेक्षा मोठी वाटते. पेपरात तिला किती जागा मिळाली ते आठवत नाही, पण आमच्या गावात तिच्यासाठी एक दिवा लागायला हवा होता.

हे सगळं फक्त आपल्याकडचं आहे असं मला बरीच वर्षं वाटत होतं. मग प्लिनी वाचनात आला. हा रोमन लेखक इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात गेला. हाच तो, ज्याने हिंदुस्थानचा माल घेण्यापायी रोमचे दरवर्षी पाच कोटी सेस्टर्स जातात अशी तक्रार लिहून ठेवली. आपल्या या पश्चिम किनाऱ्यावरून जाणाऱ्या मिरी-मसाल्याचा हिशोब त्याच्या वहीत होता. लोखंडाबद्दल तो लिहितो की त्याने मोठ्या माणसाभोवती किंवा तान्ह्या बाळाभोवती वर्तुळ काढलं तर बाधा होत नाही. थडग्यातून काढलेले खिळे दाराच्या उंबरठ्यात ठोकले तर रात्रीची दुःस्वप्नं थांबतात. पांढरं होईपर्यंत तापवलेलं लोखंड ज्या पाण्यात विझवलं ते पाणी अनेक दुखण्यांवर, विशेषतः रक्ती आवेवर, उपयोगी पडतं. उंबरठ्यातल्या खिळ्याचं वाक्य वाचून मी पुस्तक मिटलं आणि थोडा वेळ अंगणात जाऊन उभी राहिले. आमच्या घरचा खिळा त्याला कोणी सांगितला? अर्थात कोणीच नाही. इजिप्तमध्ये तुतनखामेनच्या ममीवर, कापडाच्या गुंडाळ्यांत, उजव्या मांडीशी एक लोखंडी खंजीर ठेवलेला सापडला. २०१६ मध्ये त्यातल्या निकेल-कोबाल्टचं प्रमाण तपासून तो उल्केच्या लोखंडाचा असल्याचं सांगितलं गेलं. सव्वातीन हजार वर्षांपूर्वीचा तरुण राजा. सोन्याने मढवलेला, आणि तरी झोपेत सोबतीला लोखंड लागलंच.

एका ठिकाणी मात्र लोखंडावर विश्वास नव्हता, तो समुद्रात. भोजराजाच्या नावावर असलेल्या एका संस्कृत ग्रंथात बजावलंय की समुद्रात जाणाऱ्या नौकेच्या फळ्या लोखंडाने सांधू नयेत, पाण्यातले लोहचुंबकाचे खडक ती ओढून घेतील. टॉलेमीनेही पूर्वेच्या समुद्रातल्या अशा बेटांची हकीगत दिलीय. आपल्याकडे फळ्या काथ्याच्या दोरीने शिवून होड्या होत. गोव्याकडे, कारवारकडे ती विद्या कालपरवापर्यंत होती, आणि २०२५ साली कारवारला नौदलात दाखल झालेली ‘कौंडिण्य’ ही नौका त्याच पद्धतीने शिवलेली आहे. चुंबकाचे खडक कोणाला सापडले नाहीत. पण खाऱ्या पाण्यात खिळा गंजून फळी सुटते हे रोज दिसणाऱ्या माणसांनी ती गोष्ट रचली असेल, तर ती मला पटते. शिवाय शिवलेली होडी वाळूवर आपटली तर लवते, फुटत नाही.

जमिनीवरच्या लोखंडाकडे परत येते. माणसाच्या शरीरात सगळं मिळून तीन ते चार ग्रॅम लोह असतं, त्याचा दोन तृतीयांश भाग रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्ये. एका गरोदरपणाला आईला साधारण एक ग्रॅम लोह लागतं. म्हणजे बाई आपल्याजवळच्या लोखंडाचा पाव ते एक तृतीयांश हिस्सा खर्च करते, तीन मुलं लागोपाठ झाली तर काय होत असेल ते त्या खिळ्याखालच्या बाईने दाखवलंय. आपल्या वैद्यांना हे दिसलं होतं. पांढऱ्या पडलेल्या माणसाच्या दुखण्याला त्यांनी पांडुरोग म्हटलं आणि त्यावर चरकाने नवायस चूर्ण दिलं, ज्यात नऊ औषधींइतकंच वजन एकट्या लोहाचं असतं. मंडूर म्हणजे लोहाची कीट, जितकी जुनी तितकी गुणकारी, शंभर वर्षांची सर्वांत उत्तम. म्हणजे लोखंड उशाखाली ठेवायचं नाही, पोटात घालायचं, ही गोष्ट आपल्याच परंपरेत शेजारच्या पानावर लिहिलेली होती. ती वैद्याकडे राहिली, सुनेपर्यंत पोचली नाही. वैद्याला पैसे पडत, कोयती घरात होती. आजही चित्र फार पालटलेलं नाही. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा ते एकोणपन्नास वयातल्या देशातल्या ५७ टक्के बायकांत रक्त कमी आढळलं, महाराष्ट्रात ५४.२ टक्के. निम्म्याहून जास्त. भात लावणाऱ्या बायकांच्या ओळीत दहा जणी वाकलेल्या दिसल्या की मी मनात पाच-सहा मोजते.

आणि आईच्या त्या ‘गंजना नाय ता लोखंड कसला’ला रसायनशास्त्रातून अर्थ मिळाला तेव्हा मला फार आनंद झाला. लोखंड गंजतं कारण त्याला प्राणवायूची ओढ आहे. त्याच ओढीवर रक्त चालतं. हिमोग्लोबिनमधलं लोह फुप्फुसात प्राणवायू धरतं आणि अंगभर फिरून जिथे हवा तिथे सोडून देतं. कोयतीवरचं लोखंड तो धरतं आणि सोडत नाही, म्हणून लाल भुगा होतो. भोवतीच्या प्रथिनाने रक्तातल्या लोहाला ते सोडणं शिकवलंय, एवढाच फरक. ज्या धातूला हवेची ओढच नाही तो श्वास कसा वाहणार?

तिसऱ्या दिवशी आशाताई, म्हणजे गावची आशा कार्यकर्ती, आली. घरी आलेल्या बाळाला ती तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, असं करत बेचाळिसाव्या दिवसापर्यंत बघून जाते. तिने बाळाचं वजन केलं, नाळ पाहिली, हात धुतलेत का विचारलं, उशीखाली हात घालून कोयती आणि गोळ्या दोन्ही बाहेर काढल्या. कोयती तिने आईच्या हातात दिली, ‘‘काकी, पाता नीट गुंडाळून ठेवा, पोराक लागात.’’ आणि गोळ्या भाचीच्या हातात. त्या दोघींमध्ये बसून मग मी आईला सांगितलं, या तांबड्या गोळीत साठ मिलिग्रॅम लोखंड आहे, ती हिराकशीचीच बनवतात. हिराकस तिला माहीत होती. हिरड्याच्या काढ्यात ती टाकून तिच्या वडिलांकडे शाई करत. ती माझ्याकडे बघत राहिली.

‘‘गंजता काय ता?’’

‘‘गंजता,’’ मी म्हटलं.

‘‘मगे घेवंदे.’’

त्या दिवसापासून ती रात्री स्वतः गोळी फोडून देऊ लागली, लिंबाच्या पाण्याबरोबर, जेवणानंतर दोन तासांनी. चहाबरोबर नको हे मी तिला शाईवरूनच सांगितलं. हिरड्यात जो तुरटपणा असतो त्याच जातीचा चहात असतो, तो लोहाला बांधून ठेवतो, पोटात शाई होते आणि रक्तापर्यंत काही पोचत नाही. केळफूल कापताना आडाळी काळी पडते ना, तेच. आईला ते एका वाक्यात कळलं. आरोग्याचं शिक्षण आपण किती पत्रकं छापून करतो, आणि घरातल्या बाईला जे ठाऊक आहे तिथून सुरुवात करायचं राहून जातं.

पुढच्या आठवड्यात शिरोड्याच्या बाजारात गेले होते. पावसाळा तोंडावर आला की घाटावरून घिसाडी येतात आणि रस्त्याकडेला पाल टाकून बसतात. नवरा सांडशीने तापलेला तुकडा ऐरणीवर धरतो, बायको समोर उभी राहून घण घालते. कोळशाच्या धुराचा आणि तापल्या लोखंडाचा वास दुकानांतल्या सुक्या माशांच्या वासातही वेगळा कळतो. मी घरच्या दोन कोयत्या पाजवायला नेल्या होत्या. घण घालणारी बाई तिशीच्या आतली, खांदे भक्कम, पण पापणीच्या आतली कड पांढरट. दर दहाबारा घावांनंतर ती थांबून धाप टाकत होती. मी सहज विचारलं, बरं आहे ना? ती हातातला घण टेकवून म्हणाली, ‘‘काय सांगू बाई. मागल्या गावी दवाखान्यात सुई टोचून रगत बघितलं. म्हनले, तुज्या अंगात लोखंड न्हाई. बारक्या पोरीपासनं लोखंडच हानतीय मी.’’ नवरा कान देऊन ऐकत होता. तो म्हणाला, ‘‘गोळ्या दिल्यात. खाती कुठं.’’ ती म्हणाली, खाल्ल्या तेवढ्या खाल्ल्या, संपल्या. एका महिन्याच्या मिळाल्या होत्या, पुढच्या घ्यायच्या वेळी पाल उठून दुसऱ्या गावी.

मी विचारलं, तुमच्यात बाळंतिणीच्या उशाला काय ठेवतात? दोघं एकमेकांकडे बघायला लागले. आमच्यात कशाला काय ठेवायचं, ती म्हणाली, सगळा संसारच लोखंडाचा. तिची दोन मुलं तिथेच कोळशाच्या पोत्यावर खेळत होती, धाकट्याच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात एक वळवलेला खिळा. मी त्याच्याकडे बोट दाखवलं तशी ती म्हणाली, ‘‘ते त्याच्या आजीनं घातलंय. दृष्ट लागत्या.’’

मग मी तिला चहाचं सांगितलं. दिवसातून चार-पाच वेळा कोरा चहा, पोटाला तेवढाच आधार, तो सोड असं म्हणायचा मला अधिकार नव्हता. गोळी चहापासून लांब घे, रात्री झोपताना घे, लिंबू मिळालं तर पिळून घे, संडासला शेळीच्या लेंडीसारखं काळं झालं तर घाबरू नको, एवढंच म्हटलं. पुढचा मुक्काम कुठे विचारलं, तर सावंतवाडी, मग बांदा, मग पाऊस लागला की परत वर. सावंतवाडीला उपजिल्हा रुग्णालय आहे, तिथे गोळ्या मिळतील, असं मी सांगितलं. ती म्हणाली, ‘‘तिथं इचारत्यात, गाव कंचं. काय सांगायचं?’’ आशाताईच्या वहीत घराला एक ओळ असते, अंगणवाडीच्या वहीत असते, मतदारयादीत असते. पालाला नसते. मी तिला म्हटलं, गाव विचारलं तर जिथे आहेस त्याचं नाव सांग, आणि आधी गोळ्या माग. तिने मान हलवली. नवऱ्याने माझी दुसरी कोयती आगीतून काढून ऐरणीवर ठेवली होती, ती थंड व्हायच्या आत तिला घाव घालायचे होते. पाजवण्याचे पैसे देताना मी तिला आशाताईचा नंबर कागदावर लिहून दिला. संध्याकाळी आशाताईला फोन करून विचारलं, सावंतवाडीच्या बाजारात कोण काम करतं? ती म्हणाली, ‘‘विचारून सांगतंय.’’